बेरीज शून्य, तरी गाडी चालते

गेल्या पावसाळ्यात काही दिवस धाकट्या बहिणीकडे कोलकात्यास राहण्याचा योग आला. शहराचे नाव २००१ साली बदलले, परंतु आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘कलकत्ता’च येते, आणि भाची दर वेळी मला सुधारते. ती यंदा नववीत आहे. एके दिवशी शाळेतून आल्यावर तिने विज्ञानाची तपासलेली उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. एका प्रश्नावर तिने बोट ठेवले. सरळ मार्गावर एकसमान वेगाने धावणाऱ्या गाडीवर कार्य करणाऱ्या सर्व बलांची बेरीज किती, असा तो प्रश्न होता. तिने उत्तर लिहिले होते, ‘शून्य’, आणि बाईंनी पूर्ण गुण दिले होते.

“मग तक्रार कसली?” मी विचारले.

“मामा, उत्तर बरोबर आहे, पण मला ते खरे वाटत नाही. पुस्तकात आहे म्हणून मी लिहिले. बलच नाही तर गाडी चालते कशी?”

वाचकहो, चुकीचे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा बरोबर उत्तर लिहून ते न पटलेल्या विद्यार्थ्याची मला अधिक काळजी वाटते. चुकणाऱ्याला कोणीतरी कधी दुरुस्त करतो. पूर्ण गुण मिळवणाऱ्याची शंका मात्र उत्तरपत्रिकेबरोबर कपाटात बंद होते आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी, सुट्टी होती ती संधी साधून, आम्ही दोघे बाहेर पडलो. बहिणीने पाण्याची बाटली बरोबर दिली होती. ती अर्धी पिऊन अर्धी शिल्लक ठेवावी, असे मी भाचीस बजावले. प्रयोगाचे साहित्य एवढेच.

हावडा स्थानकाच्या पोटात भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. जमिनीखाली सुमारे ३० मीटर उतरावे लागते. सरकते जिने संपता संपत नाहीत. भारतातील पहिली भुयारी रेल्वे याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली, तेव्हा ती एस्प्लेनेड ते भवानीपूर एवढ्याच साडेतीन किलोमीटरांच्या आत-बाहेर धावत असे. हुगळी नदीच्या तळाखालून जाणारा नवा मार्ग मात्र अलीकडचा. मार्च २०२४ मध्ये हावडा मैदान ते एस्प्लेनेड हा भाग प्रवाशांसाठी खुला झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी एस्प्लेनेड व सियालदह यांच्यामधला तुटलेला दुवा सांधला गेला. नदीखालचा बोगदा ५२० मीटर लांबीचा आहे आणि गाडी तो सुमारे ४५ सेकंदांत ओलांडते. नदी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली हे उतारूंना कळावे म्हणून बोगद्याच्या भिंतींवर निळा प्रकाश सोडलेला आहे. तो नसता तर डोक्यावरून गंगेचा एक ओघ वाहतो आहे याची कोणाला दादही लागली नसती.

मी भाचीला बाटली आडवी, गाडीच्या दिशेने लांब धरायला सांगितली. गाडी हलली तसे बाटलीतले पाणी मागच्या बाजूस चढले. तिरपी झालेली ती रेषा पाच-सहा अंशांनी कललेली असावी. गाडीने वेग घेतला, आणि थोड्याच वेळात पाणी पुन्हा सपाट झाले, घरच्या मेजावर असते तसे. खिडकीबाहेर निळा उजेड आला. “आता डोळे मीट,” मी म्हणालो, “आणि गाडी कोणत्या दिशेने चालली आहे ते सांग.”

तिने डोळे मिटले. चाकांचा खडखडाट ऐकू येत होता, पण दिशा काही सांगता येईना. पुढे की मागे, की जागच्या जागी कोणी डबा नुसता हलवतो आहे? पुढच्या स्थानकाची चाहूल लागून वेग उतरू लागला, तेव्हा पाणी पुढच्या बाजूस चढले आणि ती डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, “आता कळले.”

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. बाटलीतल्या पाण्याचेही तेच. निळ्या उजेडात गाडी सेकंदाला साडेअकरा मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरांहून थोड्या अधिक वेगाने धावत होती, आणि त्या वेगाची पाण्याला खबर नव्हती. वेग वाढताना व घटताना मात्र ते कलले. याचा अर्थ असा की, बलांचा तोल गेला तर त्याची खूण वेगात उमटत नाही; ती वेगाच्या बदलात उमटते. भाचीच्या उत्तरपत्रिकेतले शून्य त्या सपाट पाण्यात तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

परंतु शून्य म्हणजे बले नाहीत असे नव्हे, आणि नेमकी येथेच बहुतेकांची गफलत होते. आपण हिशेब मांडून पाहू. समजा, गाडीचे वजन उतारूंसह २०० टन आहे. पृथ्वी तिला २०० टनांच्या बलाने खाली ओढते, आणि रूळ तेवढ्याच बलाने तिला वर तोलून धरतात. हा एक जमा-खर्च बरोबरीत सुटला. आता आडव्या दिशेचा पाहू. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा अडथळा फार थोडा, वजनाच्या सुमारे पाचशेवा भाग होतो. २०० टनांस ४०० किलोग्रॅम. त्यात हवेचा विरोध मिळवावा. बोगद्यात हवेला बाजूला सरकण्यास जागा नसल्याने तो मोकळ्यावरच्यापेक्षा अधिक असतो. सगळा मिळून ६०० किलोग्रॅम वजनाइतका धरू. गाडी एकसमान वेगाने चालली असेल तर तिच्या मोटारी तिला नेमक्या एवढ्याच, ६०० किलोग्रॅमच्या बलाने पुढे रेटत असतात. एक किलोही कमी नाही, एक किलोही जास्त नाही. जास्त असते तर वेग वाढता, कमी असते तर घटता.

याच्या उलट गाडी सुटताना काय होते? सेकंदागणिक एक मीटरने वेग वाढवायचा, तर २०० टनांच्या गाडीस सुमारे २०,००० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते, आणि अडथळ्यांचे ते वेगळे. म्हणजे मोटारीचा खरा पराक्रम पहिल्या दहा-बारा सेकंदांतला. एकदा वेग आला की वीस हजारांचे सहाशे होतात.

“म्हणजे सहाशे किलो बल आहेच की!” भाची म्हणाली. “मग गाडीला चालायला बल लागतेच!”

लागते, पण चालण्यासाठी नव्हे, अडथळा फेडण्यासाठी. अडथळा नसता तर मोटारी बंद केल्या तरी गाडी तशीच चालत राहती. हे वाक्य बोलायला सोपे आहे, परंतु मनुष्यजातीला ते उमगायला दोन हजार वर्षे लागली, तेव्हा नववीतल्या मुलीने चार दिवस घेतले तर तिचा दोष नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने सांगितले होते की, ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालते. आपल्या शेतकऱ्याचा अनुभवही दुसरा नाही. बैल थांबले की गाडी थांबते. त्यात खोटे काहीच नाही. फक्त गाडीला थांबवणारे घर्षण डोळ्यांना दिसत नाही, आणि बैल दिसतात, म्हणून सगळे श्रेय बैलांना जाते. गॅलिलिओने गुळगुळीत उतारांवरून गोळे सोडून पाहिले आणि अडथळा जसजसा कमी करावा तसतसा गोळा लांब जातो, हे ध्यानात घेऊन विचार पुढे नेला: अडथळा अजिबात नसेल तर? १६३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने शांत समुद्रावर चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण घेतले आहे. तेथे उडणारी पाखरे व थेंब थेंब गळणारे पाणी पाहून जहाज उभे आहे की चालले आहे हे सांगता येणार नाही. आमची बाटली ही त्याचीच गरीब नात म्हणायची. न्यूटनने १६८७ मध्ये हीच गोष्ट गतीचा पहिला नियम म्हणून मांडली.

आपल्याकडे आर्यभटाने, त्याच्याही हजार वर्षांहून अधिक आधी, नावेत बसून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा दृष्टांत घेऊन तारे पश्चिमेकडे का सरकताना दिसतात ते सांगितले. बलाचा हिशेब त्यात नाही, तो असल्याचा दावाही करू नये. पण चालणे आणि उभे असणे यांतला भेद पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो, ही अर्धी वाट त्यात निश्चित आहे. नावेतला माणूस हुगळीवर पाहावा असा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. वेग म्हटले की त्यात दिशाही आली. गाडी वळण घेते तेव्हा वेगमापकाचा काटा जागचा हलला नाही तरी बलांची बेरीज शून्य राहत नाही, कारण दिशा बदलते आहे. बाटली आडवी धरली तर पाणी एका कडेला चढून तेही सांगते. परीक्षेत ‘सरळ मार्गावर’ हे दोन शब्द उगाच घातलेले नसतात.

नदीवर, आमच्या बोगद्यापासून थोड्या अंतरावर, हावड्याचा पूल उभा आहे. १९६५ पासून त्याचे नाव रवींद्र सेतू. १९४३ साली तो खुला झाला. २६,५०० टन पोलाद त्यात आहे, आणि त्यातले बरेचसे जमशेदपूरचे. त्या एवढ्या प्रचंड सांगाड्यावर वजन, वारा, वाहने, खांबांचा आधार अशी कितीतरी बले कार्य करतात आणि त्यांची बेरीज शून्य येते, म्हणून पूल उभा राहतो. हे सर्वांना सहज पटते. त्याच नदीच्या तळाखालून गाडी धावते, तिच्यावरील बलांची बेरीजही शून्यच. निसर्गाच्या वहीत या दोघांची नोंद एकाच पानावर आहे. भाचीला हे इतके विलक्षण वाटले की सियालदह येईपर्यंत ती गप्प बसली. (आमच्या घरी ही घटना दुर्मिळ.)

तोल गेल्याचे उदाहरणही याच मार्गावर आहे आणि ते फार कटू आहे. बोगदा खणणारे यंत्र अगदी सावकाश, एका चालीने पुढे सरकते. ते सरकत असता समोरची माती व भूजल त्याच्या तोंडावर दाब देत असतात. तो दाब तेवढ्याच उलट दाबाने तोलून धरावा लागतो. हुगळीखाली २०१७ मध्ये जी यंत्रे चालली ती याच तत्त्वावरची होती. नदीखालचे अवघड काम निर्विघ्न पार पडले. परंतु २०१९ च्या ऑगस्टअखेर बहूबाजार भागात खोदकाम एका भूजलाच्या थरात शिरले, पाणी व रेती बोगद्यात घुसली, वरची जमीन खचली आणि जुन्या घरांना तडे गेले. काही घरे कोसळली. माणसांना अंगावरच्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडावे लागले. बलांची बेरीज शून्यावरून सरकली की काय होते हे कळण्यासाठी ते पाठ्यपुस्तक फार महाग पडले.

सियालदहला उतरून आम्ही त्याच बहूबाजारच्या रस्त्याने पश्चिमेकडे चालू लागलो. मला एक जागा दाखवायची होती. २१० क्रमांकाच्या वास्तूत डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था पुढे बरीच वर्षे होती. १९०७ मध्ये अर्थखात्यात नोकरीस आलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन या तरुणाला ट्रामने जाता जाता त्या संस्थेची पाटी दिसली आणि त्याने ट्राममधून उतरून थेट तिचे दार गाठले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. कचेरीची वेळ सोडून सकाळ-संध्याकाळ ते तेथे प्रयोग करीत. ज्या शोधाला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले तो १९२८ साली तेथेच लागला. संस्था आता जादवपूरला आहे. ट्रामचे दिवसही सरत आले. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि १९०२ पासून विजेवर चाललेली ही गाडी एका वारसामार्गाखेरीज बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. रुळावरचे चाक किती थोड्या बलात चालते, तो हिशेब वर केला आहे; तो करणाऱ्याला ही बातमी वाचून थोडे वाईट वाटते.

आम्ही निम्मा रस्ता गेलो नसू, तोच पाऊस कोसळला. कोलकात्याचा पाऊस आणि कोलकात्याची गटारे यांचे जुने वैर आहे. अर्ध्या तासात घोट्यापर्यंत आणि पाऊण तासात गुडघ्यापर्यंत पाणी आले. दुचाक्या बंद पडल्या, रिक्षा-मोटारींनी येण्याचे नाकारले. तेव्हा एक हातरिक्षा आमच्यापुढे येऊन थांबली. चाकांच्या आऱ्या पाण्यात निम्म्या बुडालेल्या, ओढणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, अनवाणी.

“माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही,” भाची मराठीत म्हणाली. त्यांना शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. “बसा दीदी,” ते हिंदीत म्हणाले, “पाण्याखाली कुठे झाकण उघडे आहे, ते तुम्हाला दिसायचे नाही. मला ठाऊक आहे.” माझ्या गुडघ्यांनी माझ्या वतीने निर्णय केव्हाच घेतला होता. आम्ही बसलो. ते दांड्या उचलून चालू लागले.

थोड्या वेळाने उंचवट्याचा कोरडा रस्ता लागला आणि रिक्षा एका संथ, सारख्या चालीने पळू लागली. भाचीने माझ्याकडे पाहिले. बाटली तिच्या मांडीवर आडवी होती. पाणी बहुतेक सपाट. अगदी हळू आवाजात तिने विचारले, “मामा, यांच्या रिक्षावरही बलांची बेरीज शून्यच?”

शून्यच.

“मग यांना घाम कशाचा येतो?”

वाचकहो, एवढ्या वर्षांत मला विचारला गेलेला गतिशास्त्रातला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही.

समजा, रिक्षा आणि आम्ही दोघे मिळून २०० किलोग्रॅम. डांबरी रस्त्यावर, चाकाची झीज व आसाचे घर्षण धरून, अडथळा वजनाचा पन्नासावा भाग, म्हणजे ४ किलोग्रॅम वजनाइतका. रुळावरच्या गाडीला पाचशेवा भाग पुरत होता, हे येथे आठवावे. सारख्या चालीने जाताना ते रिक्षा ४ किलोच्या बलाने पुढे ओढतात आणि रस्ता ४ किलोच्या बलाने मागे ओढतो. दोन्ही बले एकाच वस्तूवर, रिक्षेवर, आहेत; म्हणून ती एकमेकांस फेडतात. (ते रिक्षा ओढतात तेवढीच रिक्षाही त्यांना मागे ओढते, ही निराळी गोष्ट. ती जोडी दोन वेगळ्या वस्तूंवर असते आणि तिची बेरीज कधी करू नये. त्यांच्या अंगावरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो: रिक्षा त्यांना ४ किलोने मागे खेचते, आणि पायांनी मागे रेटलेला रस्ता त्यांना ४ किलोने पुढे ढकलतो. तोही शून्य.)

आता रिक्षा थांबलेली असताना सुरू करणे पाहा. तीन सेकंदांत सेकंदाला दीड मीटर चालीस आणायची, तर वेग देण्यासाठी १० किलो आणि अडथळ्याचे ४, असे १४ किलोचे बल लागते. म्हणजे चालत्या रिक्षेच्या साडेतीन पट. रस्त्यात कोणी आडवे आले की तेवढे बल पुन्हा खर्ची घालावे लागते. कोलकात्याचे रिक्षावाले हातात एक छोटी घंटी धरतात आणि दांडीवर ती टण्‌टण्‌ वाजवीत जातात. आम्ही बाहेरची माणसे तिला या शहराचे संगीत वगैरे म्हणतो. वास्तविक ती घंटी त्यांच्या पायांतले बळ वाचवते. मी सहज विचारले तर ते मागे न पाहता म्हणाले, “बाबू, चालत्या गाडीचा त्रास नाही. थांबून पुन्हा उचलण्याचा आहे.” न्यूटनचे नाव त्यांनी ऐकले असेल की नाही, मला माहीत नाही.

पाण्यातून येताना ते इतके सावकाश का चालत होते, याचेही कारण आहे. पाण्याचा विरोध वेगाबरोबर नुसता वाढत नाही. चाल दुप्पट केली तर तो जवळजवळ चौपट होतो. तेथे घाई परवडत नाही.

राहिला घाम. बलांची बेरीज शून्य आहे, म्हणून रिक्षेचा वेग वाढत नाही. एवढेच ते शून्य सांगते. त्यांनी केलेले कार्य शून्य आहे असे ते सांगत नाही. ४ किलोचे बल एक किलोमीटरभर लावले तर सुमारे ४०,००० जूल कार्य होते. ते रिक्षेच्या वेगात साठत नाही, कारण घर्षण ते तेवढ्याच तत्परतेने काढून घेते. चाक, आस आणि रस्ता थोडे तापतात. सगळे तेथे जाते. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा सुमारे चौथाच भाग अशा कार्यात उतरवू शकतात, म्हणजे रिक्षेपायी ४० किलोकॅलरी. शिवाय स्वतःचे शरीर पळवायचे. पन्नास किलो वजनाच्या माणसास किलोमीटरला आणखी पन्नासच्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे, पण एका किलोमीटरास साधारण एक पोळी असे धरायला हरकत नाही. आम्ही सव्वा किलोमीटर आलो. भाचीने हिशेब मनात केला, हे मला तिच्या बोटांवरून दिसले.

विमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ हा १९५३ सालचा चित्रपट पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. त्यात बलराज साहनींचा शंभू याच शहरात हातरिक्षा ओढतो. पुढची रिक्षा गाठण्यासाठी उतारू त्याला वाढत्या पैशांचे आमिष दाखवीत आणखी वेगाने पळवतो, आणि शेवटी चाक निखळून तो जखमी होतो. वेग ‘वाढवणे’ म्हणजे काय, हे त्या प्रसंगाइतके स्पष्ट करणारा धडा मला कोठल्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही.

हा धंदा माणुसकीला धरून नाही, असे म्हणून पश्चिम बंगालच्या विधानसभेने २००६ मध्ये तो बंद करण्याचा कायदा संमत केला. तो न्यायालयात अडकला. आपल्या माथेरानलाही हातरिक्षा आहेत. तेथे ओढणारा एक पुढे असतो आणि मागून ढकलणारेही लागतात. त्याचे कारण आता वाचकांनीच काढावे: दहास एक अशा चढावर २०० किलोच्या रिक्षेला ४ किलोच्या अडथळ्याखेरीज पृथ्वीच्या ओढीचे २० किलो आणखी फेडावे लागतात. कोलकाता सपाट आहे, म्हणून तेथे एकट्याने निभते. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, आणि त्या ओढणाऱ्यांनाच विजेवरच्या रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करावी, असा आदेश दिला. आदेशाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. नुसती रिक्षा काढून घेतली, तर रोजची पोळीही तिच्याबरोबर जाते.

बहिणीच्या घराकडे जाणारी बस मिळेल अशा कोपऱ्यावर आम्ही उतरलो. त्यांनी सांगितलेल्या भाड्यावर भाचीने आपल्या खाऊच्या पैशांतून भर घातली. त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, तेव्हा नोट घडी करून कनवटीला लावली. “इथे कुठे सातू मिळतो का हो काका?” भाचीने तिच्या मोडक्या हिंदीत विचारले. बिहारकडची पुष्कळ मंडळी हा धंदा करतात, म्हणून पदपथावर सातू विकणारे जागोजाग असतात, हे तिला ठाऊक होते. त्यांनी समोर बोट दाखवले. छत्रीखाली एका पितळी घागरीशेजारी एक मनुष्य कांदा-मिरची चिरीत बसला होता.

तिघांनी एकेक पेला घेतला. पाऊस उणावला होता. एका पेल्यात किती किलोमीटर असतील, असे भाचीने मला विचारले. मी म्हणालो, रिकाम्या रिक्षेचे की भरलेल्या, ते आधी सांग. ती विचार करीत असतानाच पलीकडून कोणीतरी हाक मारली. रिक्षावाल्यांनी पेला ठेवला, घंटी हातात घेतली, आणि दांड्या उचलताना अंगाचा सारा भार पुढे झोकून पहिली तीन पावले टाकली.

“चौदा,” भाची म्हणाली. मग चाल सारखी झाली. “चार.”